पेटीवर २५, आत ५ : आपल्या डेटा लॉगरबद्दल तक्रार

अंबड, नाशिक
दिनांक : १९ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मोटरसायकल रेसिंगसाठी घेतलेल्या जीपीएस डेटा लॉगरची चुकीची मोजणी आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा जीपीएस डेटा लॉगर (गाडीचा वेग आणि जागा उपग्रहावरून नोंदवणारं यंत्र), अँटेना, वायरिंग आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर असा पूर्ण संच मी मार्चमध्ये ५८,५०० रुपयांना घेतला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. जूनच्या अखेरीपासून आपल्याला सात ईमेल केले, तीनदा फोन केला. उत्तरं आली, पण मी विचारलेला प्रश्न सोडून बाकी सगळ्या प्रश्नांची आली. म्हणून आता हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे.

मी कोण ते आधी सांगतो, कारण तिसऱ्या फोनवर आपला माणूस मला म्हणाला, "काका, हे जरा टेक्निकल आहे." मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेली सव्वीस वर्षं क्वालिटीला आहे. आमच्याकडून शाफ्ट जातात. दिवसभर हातात मायक्रोमीटर, नाहीतर डायल. रेसिंगचं खूळ माझं नाही, मुलीचं. ती एकोणीस वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून ट्रॅकवर १६५ सीसीची गाडी चालवते. गाडी माझ्याकडे, खर्चाची वही तिच्या आईकडे.

नाशिकच्या माणसाला लॉगर कशाला लागतो, हेही लिहितो. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे म्हणजे गाडी टेम्पोत बांधून दोन दिवसांची वाट. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅकही तसाच लांब. ट्रॅकवर जायला मिळतं ते वर्षातून चार-पाच वेळा. तिथे दहा-बारा लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, मारून परत यायचं आणि पुढचे दोन महिने त्याच लॅपचा रवंथ करायचा. कुठे ब्रेक लावला, कुठे थ्रॉटल उघडला, कोणत्या वळणात वेळ गेला, हे सगळं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बघायचं. लॉगरची किंमत दिली ती ह्यासाठी.

आपल्या पेटीवर मोठ्या अक्षरात छापलं आहे, "२५ हर्ट्झ जीपीएस". म्हणजे सेकंदाला २५ वेळा वेग आणि जागा मोजणार. आम्ही हाच आकडा बघून घेतला. ह्याहून स्वस्तात सेकंदाला १० वेळा मोजणारा मिळत होता. फरक किती पडतो ते बघा. तासाला १०८ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला बरोबर ३० मीटर. २५ वेळा मोजलं तर दर १ मीटर २० सेंटिमीटरला एक रीडिंग मिळतं. ५ वेळा मोजलं तर दर ६ मीटरला एक, म्हणजे मध्ये तीन मोटरसायकली एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा. आणि ब्रेक कुठे लावला हे शोधताना आमची सगळी भांडणं दोन-तीन मीटरवरून असतात.

आता झालं काय ते सांगतो. जूनमध्ये करी स्पीडवेवर सरावाचा दिवस होता. २.१ किलोमीटरचा ट्रॅक. दुपारच्या सत्रानंतर तिच्या सरांनी तिचा सगळ्यात चांगला लॅप आणि तिच्याच गटातल्या दुसऱ्या मुलीचा लॅप एकावर एक ठेवून पाहिला. त्या मुलीकडेही आपल्याच कंपनीचा लॉगर. सरळ रस्ता संपल्यावरच्या वळणाआधी आमच्या मुलीच्या वेगाची रेघ पाच मीटर आधी खाली वाकत होती. सर म्हणाले, "इथे तू घाबरून लवकर ब्रेक लावतेस." ती म्हणाली, "सर, मी पाटीच्या पुढे जाऊन लावते." सर म्हणाले, "ग्राफ खोटं बोलत नाही."

पुढच्या सत्रात तिने पाच मीटर उशिरा ब्रेक लावला. गाडी वळणात आलीच नाही, सरळ बाहेरच्या मातीत गेली आणि आडवी झाली. डावं हँडल आणि फूटपेग तुटला, सूटचं कोपर फाटलं. पोरीला खरचटण्यावर निभावलं. पडण्याचा सगळा दोष मी आपल्यावर टाकत नाही. टायर पुरेसे तापले नव्हते, ते बघणं माझं काम होतं. पण ती पाच मीटर उशिरा का गेली, ह्याचं उत्तर आपल्या यंत्रात आहे.

घरी आल्यावर मी आपल्या सॉफ्टवेअरमधून त्या लॅपची सीएसव्ही फाइल (नुसत्या आकड्यांच्या ओळींची) काढून एक्सेलमध्ये उघडली. सेकंदाला २५ ओळी होत्या, तक्रार नाही. ब्रेकिंगच्या जागी वेगाचा रकाना असा होता : ११८.६०, ११७.३५, ११६.१०, ११४.८५, ११३.६०, ११२.३५. प्रत्येक ओळीत बरोबर १.२५ ने कमी. पुढच्या पाच पायऱ्या बरोबर १.१२ च्या. त्यापुढच्या पाच १.३१ च्या. शेजारच्याच रकान्यात अॅक्सेलरोमीटरचे (गाडीला बसणारे झटके थेट मोजणाऱ्या भागाचे) आकडे मात्र खऱ्या गाडीसारखे उड्या मारत होते.

साहेब, असे आकडे मी रोज पकडतो. शिफ्ट संपायला दहा मिनिटं उरलेली असतात, ऑपरेटरने तासातासाला मोजायचं ते मोजलेलं नसतं आणि तो कँटीनमध्ये बसून शीट भरतो. सगळी रीडिंग गोड, एका रांगेत, एकही वाकडं नाही. खरं मोजमाप कधी इतकं शहाण्यासारखं वागत नाही. आपल्या सॉफ्टवेअरने तेच केलं आहे. खरी रीडिंग सेकंदाला ५, मधल्या २० ओळी सरळ रेघ ओढून भरलेल्या. ०.०२ मिलिमीटरपर्यंतच दाखवणाऱ्या व्हर्निअरने मोजायचं आणि शीटवर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) लिहायचं, असा हा प्रकार आहे. आमच्याकडे असं करणाऱ्याला मेमो मिळतो.

खात्री करायला मेमरी कार्डावरची कच्ची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. उपग्रहाकडून आलेल्या प्रत्येक ओळीत वेळ असते. सेकंदानंतरचे आकडे .००, .२०, .४०, .६०, .८० आणि पुन्हा .००. ह्याहून स्पष्ट काय असतं?

आता ह्या रेघ ओढण्याने ब्रेकिंग पॉइंटचं काय होतं ते नीट लक्षात घ्या, कारण मुद्दा इथेच आहे. समजा एक खरं रीडिंग झालं, त्यानंतर चार मीटरने तिने ब्रेक लावला आणि आणखी दोन मीटरने पुढचं खरं रीडिंग झालं. यंत्राला ही दोन टोकंच माहीत. सॉफ्टवेअर त्या दोघांना सरळ रेघेने जोडतं, म्हणजे वेग पहिल्या टोकापासूनच उतरताना दिसतो. ब्रेक लागला चार मीटर पुढे, ग्राफ सांगतो पहिल्या टोकालाच लागला. चूक नेहमी एकाच बाजूची, लवकरची. ती किती, हे मात्र नशिबावर : रीडिंग नेमकं ब्रेकच्या क्षणी पडलं तर शून्य, नाहीतर सहा मीटरपर्यंत. त्या दुसऱ्या मुलीचं रीडिंग नशिबाने बरोबर जागी पडलं असणार, आमच्या मुलीचं पडलं नाही. एवढ्यावरून सरांनी तिला भित्री ठरवलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या लॉगरची लॅपची वेळ ट्रॅकच्या ट्रान्सपाँडरच्या (गाडीने रेषा ओलांडल्याची वेळ नोंदवणाऱ्या यंत्राच्या) वेळेशी एक-दोन शतांश सेकंदाच्या आत जुळते. म्हणूनच आम्ही तीन महिने डोळे झाकून विश्वास ठेवला. पण तेही तपासलं, तर कारण साधं आहे. लॅपची रेषा सरळ रस्त्यावर असते, तिथे वेग जवळजवळ एकसारखा वाढत असतो आणि दोन टोकं सरळ जोडली तरी काही बिघडत नाही. जिथे काही घडतच नाही तिथे अंदाजही बरोबर येतो.

आपल्या पहिल्या उत्तरात "अँटेना मोकळ्या आकाशाखाली बसवा" असं होतं. अँटेना सीटच्या मागच्या उंचवट्यावर होती, वर आभाळाशिवाय काही नव्हतं. दुसऱ्यात फर्मवेअर (लॉगरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायला सांगितलं. केलं. .००, .२०, .४० तसंच. तिसऱ्या उत्तरात "जीपीएस सिग्नलमध्ये स्वाभाविक विलंब असतो" असं लिहिलं. ह्या तिसऱ्या उत्तरासाठी मी एक रविवार घालवला.

आमच्या कारखान्याच्या आवारात, वॉचमनची परवानगी काढून, माझ्या स्कूटरला आपला लॉगर बांधला. ब्रेकलाइटच्या स्विचची वायर आपल्याच लॉगरच्या डिजिटल चॅनेलला जोडली. तो चॅनेल सेकंदाला १०० वेळा नोंद करतो आणि खरोखर करतो, तेही तपासून पाहिलं. वेग तासाला ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, हिशोबाला सोपा. खडूची रेघ मारली, रेघेपर्यंत थ्रॉटल सोडायचा नाही आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. असं दहा वेळा. मुलगी जिन्यात बसून हसत होती.

दहापैकी नऊ वेळा वेगाची रेघ ब्रेकचा स्विच लागण्याच्या आधीच खाली वळली. सगळ्यात कमी फरक २० सेंटिमीटर, सगळ्यात जास्त १ मीटर ८० सेंटिमीटर. ह्या वेगाला सेकंदाला ५ रीडिंग म्हणजे दर २ मीटरला एक, त्यामुळे फरक त्याच्या आत राहिला. खरोखर २५ असती तर तो ४० सेंटिमीटरच्या पुढे जायला नको होता. सिग्नलला उशीर होत असेल तर ग्राफ उशिरा वळायला हवा. इथे तो आधी वळतो. ब्रेक दाबण्याआधी मंद होणारी स्कूटर मी तरी अजून पाहिलेली नाही. दहाही ग्राफ आणि त्यांच्या सीएसव्ही फाइली पेनड्राइव्हमध्ये सोबत पाठवतो आहे.

दोन किरकोळ गोष्टी, पण लिहून ठेवतो. सॉफ्टवेअरमध्ये वेळेचा फरक पूर्ण तासांतच निवडता येतो, पाच किंवा सहा. भारताची वेळ साडेपाच तास पुढे आहे, हे माल भारतात विकणाऱ्या कंपनीला कुणी सांगायला हवं का? आमची सत्रं आपल्या हिशोबाने कधी पाकिस्तानच्या वेळेत होतात, कधी बांगलादेशच्या. दुसरं, जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून नव्यावर सॉफ्टवेअर घातलं, तर लायसन्स हलवायचे ४,००० रुपये मागितले. मागताना बिलात कुठे लिहिलंय ते दाखवलं नाही. ते मी अजून भरलेले नाहीत आणि भरणार नाही.

आपल्या माणसाने फोनवर शेवटी कबूल केलं की आतला जीपीएसचा भाग सेकंदाला ५ वेळाच मोजतो आणि "२५ हा आउटपुट रेट आहे". हे खरं असेल तर पेटीवर "आउटपुट रेट" का छापलं नाही? आणि खरी रीडिंग आणि भरलेली रीडिंग ग्राफवर वेगळी का दाखवत नाही? खऱ्या जागी एक ठिपका दिला असता तरी सरांना दिसलं असतं की त्या सहा मीटरात यंत्राला काहीच ठाऊक नाही. आमच्याकडे शीटवर एखादं रीडिंग घेतलं नसेल तर तिथे आडवी रेघ मारतात. त्याची कुणाला लाज वाटत नाही.

माझी मागणी अशी आहे. संचाची पूर्ण किंमत ५८,५०० रुपये परत करावी. ते नको असेल तर उपग्रहावरून खरोखर सेकंदाला २५ वेळा मोजणारा लॉगर बदलून द्यावा आणि तो तसा मोजतो हे कच्च्या फाइलवरून मला दाखवावं. मुलीच्या सरांसमोर दाखवलंत तर आणखी बरं. हँडल, फूटपेग आणि सूटच्या दुरुस्तीचे पैसे मी मागत नाही. टायरचा भाग माझ्याकडे आहे, तो मी वर लिहिलाच आहे. पेटीवरचा आणि वेबसाइटवरचा "२५ हर्ट्झ" हा मजकूर मात्र बदलावा, कारण हा लॉगर घेणारी आमची मुलगी एकटी नाही.

बिलाखाली बारीक अक्षरात "सर्व वाद आमच्या शहरातील न्यायालयाच्या अधीन" असं छापलं आहे. ते मी वाचलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर दिशाभूल करणारी जाहिरात आणि सदोष माल ह्या दोन मुद्द्यांवर नाशिकच्या जिल्हा आयोगात अर्ज करणार आहे. मसुदा तयार आहे.

लॉगर, अँटेना आणि वायरिंग मूळ पेटीत बांधून ठेवलं आहे. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा कोइम्बतूरला जायचं आहे. तोपर्यंत मुलगी ट्रॅकवरच्या पाट्या बघूनच ब्रेक लावणार, तसं सरांशी ठरलं आहे. पेटी न्यायला कुरिअर कोणत्या दिवशी येणार तेवढं कळवावं. पहिल्या पाळीचे दिवस असतील तर दुपारी साडेतीननंतर पाठवा, त्याआधी घरी कुणी नसतं.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, सात ईमेलच्या छापील प्रती, पेटीच्या दोन बाजूंचे फोटो, फाइलींचा पेनड्राइव्ह