मेंढरं फलटणची, आभाळ कुठलं?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी पाठवलेली पावसाळी छायाचित्रं पाहिली. त्यातल्या मेंढरांच्या फोटोबद्दल हे पत्र. कळपाच्या मागे ढगांच्या फटीतून सूर्य डोकावतोय आणि मेंढरांच्या सावल्याही मागेच, थेट सूर्याकडे पडल्यात! फलटणला माझा छत्तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे हे लगेच खुपलं. आभाळ दुसरीकडून आणून चिकटवलंय.

सध्या लेकीकडे कॅनडात, रिजायनाला मुक्काम आहे. या सस्कॅचवान प्रांतात गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘जिवंत आभाळाची भूमी’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असतं. सुरुवातीला हसू आलं. जमीन सगळी सपाट. ना डोंगर, ना देऊळ. मैला-दोन मैलांवर काटकोनात छेदणारे खडीचे रस्ते आणि मधे पिवळाधमक कॅनोला, आपल्या मोहरीचाच भाऊबंद. फोटो काढायचा कशाचा?

मग एका संध्याकाळी वादळ आलं. विजा थांबेपर्यंत जावयांनी मला गाडीतून उतरू दिलं नाही. बरोबरच होतं, त्या रानात ट्रायपॉड लावून उभं राहिलं तर सगळ्यात उंच आपणच. इथली वादळं बहुधा पश्चिमेकडून पूर्वेला सरकतात. जुलैत सूर्य मावळतो रात्री नऊच्या सुमारास. त्यामुळे मावळतीला पश्चिम मोकळी झाली आणि पूर्वेला काळंशार आभाळ उरलं. त्याच्या पोटाला व्यायला आलेल्या म्हशीच्या कासेसारखे गोळे लोंबत होते. याला मॅमॅटस म्हणतात. मूळ लॅटिन शब्दही स्तनावरूनच आलाय. समोर धान्य साठवायचं जुनं लाकडी एलेव्हेटर. माझ्या पाठीमागून आलेलं ऊन त्याच्या लाल फळ्यांवर पडलं आणि मागचं आभाळ आणखीच काळं दिसायला लागलं. जमिनीला फ्रेमच्या तळाशी बोटभर जागा दिली, बाकी सगळं आभाळ. पोलरायझर, म्हणजे आभाळ गडद करणारा लेन्सवरचा फिल्टर, काढून खिशात टाकला; वाइड लेन्सवर तो आभाळाचा एकच पट्टा गडद करतो. सात फ्रेम मिळाल्या आणि उजेड गेला. परतताना कच्च्या रस्त्यावर गाडी रुतली. इथली काळी चिकण माती थेट आपल्या काळ्या रानासारखी, ओली झाली की बूट सोडत नाही.

ढग चिकटवणं नवं नाही, हेही सांगतो. 1850च्या दशकात फ्रान्सचे ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्र आणि आभाळ वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एकत्र छापत. तेव्हाच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या रंगाला फार संवेदनशील, एकाच निगेटिव्हवर दोन्ही घेतलं तर आभाळ पांढरंफटक यायचं. मीही डार्करूममध्ये नवरा-नवरीच्या मागे ढग छापलेत, पैसे घेऊन. पण ते गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून. तुम्ही फोटोखाली ‘फलटण परिसरात दाटून आलेला पाऊस’ असं छापलंत. त्या आठवड्यात तिकडे ढगाचा पुंजकासुद्धा नव्हता, धाकट्या भावानं फोनवर सांगितलं. पेरणी करून तो वर बघत बसलाय.

फोनवर एका टिचकीत आभाळ बदलता येतं, लोक बदलणारच. आपण निदान छापण्याआधी मूळ फाइल मागवावी आणि आभाळ बदललेलं असेल तर फोटोखाली तसं लिहावं.

माझ्या सातही फ्रेम मूळ फाइलींसह पाठवतोय. त्यातल्या दोन हललेल्या आहेत.

– एक निवृत्त छायाचित्रकार, फलटण (सध्या रिजायना, कॅनडा)