उपनगरांतील सायकलमार्गांची सुरक्षितता चौकांत तपासावी: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

उपनगरांतील सायकलमार्गांवरून सध्या हिरिरीने वाद होतो. स्वतंत्र मार्गिका आखली की सायकलस्वार सुरक्षित झाला, असे एक बाजू म्हणते. ती मार्गिका त्याला खोटा भरवसा देऊन चौकात थेट गाडीसमोर आणून सोडते, असे दुसरी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच किती किलोमीटर मार्गिका झाल्या, या हिशेबाने हा प्रश्न सुटणार नाही, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

उपनगरातल्या आतल्या गल्ल्या शांत असल्या, तरी बहुतेक पुढे बंद होतात आणि शाळेत, बाजारात किंवा स्टेशनवर जायला सगळ्यांना त्याच एका रुंद रस्त्यावर यावे लागते. सरळ, रुंद रस्त्यावर वेग आपोआप वाढतो, मग फलकावर काहीही लिहिलेले असो. ताशी 30 किलोमीटरच्या तुलनेत ताशी 50 किलोमीटर वेगाच्या त्याच गाडीत जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते, आणि धडकेत ती शेवटी सायकलवरच्या माणसाच्या शरीरावर येते. अशा रस्त्यावर नुसता रंगाचा पट्टा ओढून भागत नाही. तो उभ्या गाड्यांना लागून असेल, तर अचानक उघडणारे दार चुकवायला सायकलस्वाराला धावत्या वाहनांकडेच वळावे लागते.

पण खरा धोका चौकात आहे. अनेक ठिकाणी मार्गिका चौकाच्या अलीकडेच संपते. म्हणजे जिथे आधाराची सर्वाधिक गरज, तिथेच तो काढून घेतला जातो. कोपरा मोठ्या गोलाईचा असला की चालक वेग न उतरवता वळतो आणि सरळ जाणारी सायकल त्याला फार उशिरा दिसते. ट्रकच्या चालकाला तर कधीकधी दिसतच नाही. दोन्ही दिशांच्या सायकलींची मार्गिका रस्त्याच्या एकाच बाजूला असेल, तर गल्लीतून बाहेर पडणारा चालक नेहमीच्या दिशेने पाहतो आणि उलट बाजूने येणारे मूल त्याच्या नजरेतून सुटते. यावर उपाय आहेत. कोपऱ्याची गोलाई कमी करता येते, सायकलींनी रस्ता ओलांडण्याची जागा रस्त्याच्या पातळीहून किंचित उंच ठेवता येते, आणि ती चौकापासून एका गाडीच्या लांबीइतके मागे घेता येते, म्हणजे वळलेली गाडी मागची वाहतूक न अडवता तिथे थांबू शकते.

नेदरलँड्सला हे शहाणपण सहज आलेले नाही. तिथे 1971 मध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती, आणि संतापलेले पालक रस्त्यावर उतरले. उत्रेख्तजवळच्या हाउटेन या उपनगरात वस्त्यांमधून सायकल थेट जाते, तर मोटारीला एका वस्तीतून दुसरीत जायला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. आपल्याला प्रत्येक ठिकाणी इतके मोठे बदल जमणार नाहीत, हे मान्य आहे. पण दोन बंद गल्ल्यांची टोके पायी आणि सायकलने जाण्यापुरती जोडली, तरी कित्येक मुलांची त्या मोठ्या रस्त्यापासून सुटका होईल, आणि त्याला खर्चही फार नाही.

हेल्मेटचा मुद्दा या चर्चेत वारंवार येतो. ते जरूर घालावे, पण त्यामुळे चौकाची सदोष रचना सुधारत नाही.

जागा नाही, पार्किंग जाईल, या हरकती खऱ्या आहेत आणि त्या रहिवाशांसमोर बसूनच सोडवाव्या लागतील. मात्र तिथे उपनगरातला मुख्य रस्ता दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने पार करता येईल का, हाही प्रश्न मांडला जावा.

माझी आपल्याकडे मागणी अशी आहे, की वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यांवर ताशी 30 किलोमीटरची मर्यादा नुसत्या फलकाने नव्हे, तर रस्त्याच्या रचनेने पाळली जावी. प्रत्येक चौकाची सुरक्षा तपासणी कामापूर्वी आणि कामानंतर करून तिचा अहवाल जाहीर व्हावा. आणि चौकांचे काम अपुरे असताना कोणत्याही सायकलमार्गाला काम पूर्ण झाल्याचा दाखला किंवा ठेकेदाराला अंतिम देयक मिळू नये.

आपला विश्वासू,
उपनगरातील एक सायकलस्वार नागरिक