तंबू पेगशिवाय उभा राहतो, म्हणजे नक्की किती?

मा. संपादक,

हलक्या तंबूंवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडाला बिऱ्हाड पाठीवर घेऊन जाणाऱ्याला अर्ध्या किलोची किंमत सांगावी लागत नाही, हे खरंच. पण लेखकाने ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालायच्या काठीवर, उभा राहणारा, किलोच्या आतला तंबू सरसकट सगळ्यांना सुचवलाय, तो सह्याद्रीसाठी मला पटत नाही. असा तंबू सगळा पेगच्या, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्यांच्या, ताणावर उभा असतो. आपल्या पठारांवर कितीतरी ठिकाणी वर चार बोटं मुरूम आणि खाली काळा कातळ. पेग ठोकायला जावं तर पेगच वाकतो. इथे स्वतःच्या पोलवर उभा राहणारा, फ्रीस्टँडिंग तंबूच बरा, तीनचारशे ग्रॅम जास्त भरले तरी.

मी नाशिकला सॅक आणि तंबू दुरुस्त करतो. 'फ्रीस्टँडिंग म्हणून घेतला, पण पायाकडे लोळतो' ही तक्रार कायम येते. तंबू बिघडलेला नसतो. तो 'सेमी-फ्रीस्टँडिंग' असतो आणि विकताना त्यातला 'सेमी' गिळलेला असतो. वजन वाचवायला पायाकडे एकच पोल ठेवतात. मग डोक्याकडचे दोन कोपरे ताठ, पायाकडचे दोन मात्र पेग मारल्याखेरीज ताणले जात नाहीत. म्हणून घेण्याआधी दुकानाच्या फरशीवर, एकही पेग न लावता, तो उभा करायला लावा. चारही कोपरे बघा, आत आडवे होऊन पाय लांब करा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. वजनही पेग, दोऱ्या, पिशवीसकट विचारा. ठळक छापलेल्या आकड्यात बहुतेकदा ते धरलेलं नसतं.

पूर्ण फ्रीस्टँडिंग असला तरी बांधायचा नाही असं नाही. कड्याच्या बाजूला रिकामा तंबू वारा सहज उचलतो. पेग बसत नसेल तिथे दोरीच्या फासात लहान दगड अडकवावा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा ठेवावा. लहान दगड त्याला अडतो. फ्लायची, म्हणजे बाहेरच्या आवरणाची, पडवीही अशीच ताणून घ्यावी, नाहीतर रात्री ती इनरला, म्हणजे आतल्या तंबूला, चिकटते आणि आत ओल येते.

पोल ॲल्युमिनियमचेच घ्यावेत. वाकले तर वरून नळीचा तुकडा सरकवून, चिकटपट्टी गुंडाळून ट्रेक पुरा होतो. फायबरग्लासचा पोल उभा चिरतो, त्याची कुसळं बोटात जातात आणि टोक फ्लाय फाडतं. माझ्याकडे येणाऱ्या फाटक्या फ्लायमागे बऱ्याचदा हाच पोल असतो. (माझा धंदा त्यावर चालतो, तरी सांगतो.)

लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं दिसतं. त्यात तंबूंचा तक्ता देणार असाल, तर किंमत आणि वजनाशेजारी 'पेगशिवाय ताणले जाणारे कोपरे' असा एक रकाना जरूर घालावा.

– एक वाचक, नाशिक