न आलेले दात कोण मोजणार?

महोदय,

गेल्या महिन्यात नातवाच्या शाळेत दंततपासणी झाली. कार्डावर शेरा आला : 'किडलेले दात 0. उत्तम.' सात वर्षांच्या या मुलाच्या तोंडात जेमतेम चार दात आहेत, तेही खिळ्यासारखे टोकदार. कवळी त्याने तपासणीपुरती डबीत काढून ठेवली होती. किडणार काय?

त्याला एक्टोडर्मल डिस्प्लेसिया आहे. यात गर्भातच केस, दात आणि घामाच्या ग्रंथी नीट घडत नाहीत. कपाळ पुढे, नाक मुळाशी बसके, डोळ्यांभोवती सुरकुत्या. दात नाहीत म्हणून जबड्याचे हाड भरत नाही. चेहऱ्याचा खालचा भाग आखूड राहतो आणि ओठ बाहेर येतात. वर्गातली मुले त्याला 'आजोबा' म्हणतात. घाम येत नसल्याने तान्हेपणी ठाण्याच्या उन्हाळ्यात त्याला सारखा ताप चढे आणि आम्ही रक्त तपासत बसायचो.

1875 साली डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहिले आहे : चार पिढ्यांत दहा पुरुषांना दात आणि केस कमी, मुली बऱ्या, पण त्यांच्या मुलग्यांत पुन्हा तेच. आमच्याकडे ते लेकीकडून आले, म्हणजे बहुधा माझ्याकडून. माझेही वरचे दोन दात कधी आलेच नव्हते. लेकीला बोल लावणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवते.

'अठराचा होऊ द्या, मग इम्प्लांट, म्हणजे हाडात पक्के रोवलेले कृत्रिम दात, बसवू,' असे एका डॉक्टरांनी सांगितले. जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते, हे खरे. पण तोवर पोराने काय करायचे? तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून कवळी बसवता येते, वाढीप्रमाणे ती बदलावी लागते, आणि टोकदार दातांना कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे भरण) लावून आकार देता येतो. पहिली कवळी बसली तेव्हा त्याचे 'त' आणि 'द' स्पष्ट झाले, भाकरी कुस्करून देणे थांबले. आता दुसरी आहे. रात्री आम्हा दोघांच्या कवळ्या शेजारी-शेजारी वाट्यांत असतात आणि सकाळी त्या हटकून बदललेल्या सापडतात! विमा कंपनीने मात्र खर्च 'सौंदर्यासाठी' म्हणून नाकारला.

सातव्या वर्षी तोंडात साधारण 24 दात हवेत. तपासणीच्या कार्डावर 'किती आले' एवढा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? आणि खेळाच्या तासाला अशा मुलाला सावली आणि अंगावर मारायला पाण्याचा फवारा द्यावा. तेवढ्यासाठी तरी आजीची चिठ्ठी मागू नये.

– एक आजी, नौपाडा, ठाणे