गेलॉर्डचा दुसरा फुगा : खासदार श्री ठाणेदार यांना खुले पत्र

मा. श्री ठाणेदार साहेब,
प्रतिनिधिगृह, वॉशिंग्टन

स. न. वि. वि.

मी तुमचा मतदार नाही. नोव्हायला राहतो, म्हणजे तुमच्या तेराव्या मतदारसंघाच्या बाहेर. पण मिशिगनच्या हवेविषयी आणि ती मोजायला गेलॉर्डहून सुटणाऱ्या फुग्याविषयी काही सांगायचं आहे आणि मराठीत सांगितलं तर थेट पोहोचेल असा दुसरा प्रतिनिधी मला माहीत नाही. शिवाय तुम्ही बेळगावात वाढलात, त्यामुळे वळीव म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

वळीव आधी वर्दी देतो. दुपारभर जीव नकोसा करणारा उकाडा, मग एका अंगाने चढत येणारे काळे ढग, धुळीची वावटळ, मातीचा वास. वाळवणं उचलायला, जनावरं आत बांधायला तेवढा वेळ मिळतो. मिशिगनच्या वसंतात तो मिळत नाही. पाचांपैकी चार महासरोवरं या राज्याला लागून आहेत. एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापायला लागते, पण हिवाळा धरून बसलेलं पाणी तापायला जून उजाडतो. या दोघांच्या मध्ये आपण राहतो.

एका एप्रिलअखेरीला साउथ हेवनला गेलो होतो. निघताना पारा २५ अंशांवर, मुलं अर्ध्या बाह्यांत. लेक मिशिगन ताटासारखं सपाट, वारा पाठीमागून, जमिनीवरून पाण्याकडे जाणारा, उबदार. मुलांनी हवा भरायची रबरी गादी काढली. शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एवढंच विचारलं, ‘पाण्यात हात घालून बघितलात का?’ घातला. बोटांची हाडं ठणकायला लागली. अर्ध्या तासात वारा फिरून पाण्यावरून यायला लागला आणि आम्ही सगळे गाडीत हीटर लावून बसलो. इथले लोक अशा वाऱ्याला ‘न्यूमोनिया फ्रंट’ म्हणतात.

ते पाणी सहा-सात अंशांचं असतं. त्यात पडलेला माणूस गारठून जाण्याआधीच धाप लागून नाकातोंडात पाणी घेतो. पहिल्या मिनिटात श्वास आवरला, तरी दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना. नदीत, विहिरीत पोहायला शिकून इथे आलेल्या आपल्या पोरांना हे माहीत नसतं, कारण आपल्याकडचं पाणी त्यांच्याशी कधी असं वागलेलं नाही. त्यात सपाट पाणी बघून धीर येतो. वारा जमिनीवरून सुटलेला असतो म्हणूनच किनाऱ्याशी पाणी सपाट दिसतं, आणि तोच वारा रबरी गादी आत ढकलत नेतो.

लाटांचंही तसंच. वादळाची रांग सरोवरावरून झपाट्याने सरकली की हवेच्या दाबाने पाणी हलतं आणि लाट दूरच्या किनाऱ्यावर जाऊन चढते. २६ जून १९५४ला शिकागोत वादळ पुढे निघून गेल्यावर ती आली आणि आठ जण गेले. १३ एप्रिल २०१८ला आपल्या लडिंग्टनचा बंधारा अशाच लाटेखाली गेला.

पण हे पत्र मी लिहायला घेतलं ते गुढीपाडव्यामुळे. ३० मार्च २०२५, रविवार. नोव्हायला आम्ही डेकवर गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली. त्याच शनिवार-रविवारी उत्तर मिशिगनमध्ये पाऊस पडत होता आणि पडल्या जागी गोठत होता. फांद्यांवर, तारांवर काही ठिकाणी इंचभर जाडीचं काचेसारखं कवच चढलं. झाडं मोडली, विजेचे खांब आडवे झाले, लाखावर घरं अंधारात गेली. काही ठिकाणी वीज परत यायला आठवडे लागले. मॅकिनॉ पुलावरून बर्फाचे तुकडे कोसळायला लागले म्हणून पूल बंद ठेवावा लागला.

पाऊस गोठणार, की बर्फाचे दाणे पडणार, की साधा हिम, हे जमिनीवरच्या तापमापकावरून कळत नाही. जमिनीलगत शून्याखालची हवा, तिच्यावर उबेचा थर, त्याच्यावर पुन्हा थंडी, अशी ती उतरंड असते. मधला थर किती जाड आणि किती उबदार, यावर सगळं ठरतं. तुम्ही अ‍ॅक्रनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलीत. एका अंशाने पदार्थाचं रूप कसं पालटतं हे मी तुम्हाला काय सांगणार! उपग्रह आणि विमानं मदत करतात, पण त्या थरांतून सरळ वर जाऊन मोजणारा अजूनही फुगाच आहे. खाली एक छोटी डबी लटकवलेली असते. तापमान, दमटपणा, दाब, वारा टिपत तो तीसेक किलोमीटर चढतो आणि फुटतो.

उत्तर मिशिगनमधल्या गेलॉर्डच्या हवामान कार्यालयातून असा फुगा रोज दोनदा सुटायचा. २० मार्च २०२५ला राष्ट्रीय हवामान सेवेने जाहीर केलं की माणसं कमी पडत असल्यामुळे गेलॉर्ड आणि विस्कॉन्सिनच्या ग्रीन बेसह काही ठिकाणी दिवसाला एकच फुगा सोडला जाईल. त्यानंतर आठच दिवसांत ते बर्फाचं वादळ आलं. दुसरा फुगा असता तर खांब वाचले असते असं मी म्हणत नाही. बर्फाच्या वादळाचा इशारा त्या कार्यालयाने दिलाच होता. पण ज्या ऋतूत आकाश दिवसातून दोनदा रंग बदलतं, त्याच ऋतूत आपण ते एकदाच मोजायचं ठरवलं, हे मला सहन होत नाही.

आणि गाव कोणतं, तर गेलॉर्ड! २० मे २०२२ला याच गावावर चक्रीवादळ, म्हणजे टोर्नेडो, उतरलं. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटर, मोबाइल होमच्या वस्तीत दोघांचा मृत्यू, चाळीसहून अधिक जखमी. गावात तेव्हा भोंगा नव्हता. आधार होता तो फोनवर येणाऱ्या इशाऱ्याचा.

आता ज्यांना तो इशारा वाचता येत नाही त्यांचं सांगतो. आपले आई-वडील भारतातून इथे येतात ते नेमके एप्रिल-मेमध्ये, बर्फ सरलं म्हणून. माझी आई सोलापूरची. मागच्या खेपेला ती दुपारी घरी एकटी होती आणि आमच्या भागात चक्रीवादळाचा भोंगा वाजला. तिच्या लेखी भोंगा म्हणजे गिरणीची पाळी बदलली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एक वाजता चाचणीचा भोंगा वाजतो, तो तिने आधी ऐकलेला होता, त्यामुळे भीतीही नाही. ती डेकवर जाऊन आभाळ बघत उभी राहिली. मी फोन केला तेव्हा म्हणाली, ‘ढग हिरवट दिसतायत रे.’ तळघरात जा, हे मला तीनदा ओरडून सांगावं लागलं. वादळ आमच्याकडे आलं नाही. तिच्या फोनमध्ये भारतातलं सिमकार्ड होतं, इशारा तिला आला नव्हता. आला असता तरी तो इंग्रजी तिने वाचला नसता. डेट्रॉइट आणि हॅमट्रॅमकच्या गल्ल्यांत बंगाली, अरबी बोलणाऱ्या किती आज्या अशा घरी एकट्या असतात, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

तुम्ही गृहसुरक्षा समितीवर काम केलं आहे, त्यामुळे आपत्तीनंतरच्या मदतीचा पैसा कसा फिरतो ते तुम्हाला ठाऊक आहे. माझं मागणं आपत्तीच्या आधीच्या पैशाचं आहे. गेलॉर्डसारख्या कार्यालयांत पूर्ण माणसं असावीत आणि दुसऱ्या फुग्याची तरतूद अंदाजपत्रकात नावानिशी असावी. सरोवरांतले हवामानाचे तरंगते बोये हिवाळ्यात बाहेर काढतात आणि वसंतात परत टाकतात. ते जितके लवकर पाण्यात जातील तितकं बरं, कारण पहिल्या उबदार रविवारी लोक किनाऱ्यावर गेलेले असतात. मोबाइल होमच्या वस्त्यांना चालत गाठता येईल असा पक्का निवारा हवा. आणि इशारे लोकांच्या भाषांत हवेत. त्याला फार मोठं तंत्र लागत नाही, ठरलेली दहा-बारा वाक्यं एकदा नीट भाषांतरित करून ठेवली तरी पुष्कळ होईल.

आई पुन्हा येते आहे. या वेळी फोनवर म्हणाली, ‘तो भोंगा कशाचा ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.’ फ्रिजवर चिकटवायला मी लिहिलं आहे: महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एकचा भोंगा चाचणीचा. एरवी वाजला तर बाहेर बघायला जायचं नाही. तळघरात, खिडकीपासून लांब, चपला आणि फोन सोबत. तो कागद पत्राला जोडला आहे. तुमच्या कार्यालयाने तो हवा तसा सुधारावा आणि छापावा.

आपला,
नोव्हायचा एक मराठी रहिवासी