ट्रिंगचे संग्रहालय आणि आपला रानपिंगळा

वॉटफर्ड, रविवार

तीर्थरूप अप्पा आणि आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही चौघे येथे खुशाल आहोत. पपईला या खेपेस बरा भाव मिळाल्याचे दादांकडून कळले, आनंद वाटला. काल मुलांना घेऊन आम्ही ट्रिंग या गावी जाऊन आलो. तेथील प्राणिसंग्रहाचा आपल्या शहादा तालुक्याशी असा काही संबंध आहे, की तो फोनवरच्या घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावा असे मी ठरवले.

लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम तुम्ही दोघे इकडे आला होता तेव्हा पाहिलेले आहे. निळ्या देवमाशाचा तो 25 मीटरचा सांगाडा आईला अजून आठवत असेल. ट्रिंगचे संग्रहालय ही त्याचीच शाखा असून आमच्या घरापासून ते आगगाडीने जवळ आहे. स्टेशन मात्र गावाबाहेर असल्यामुळे पुढे बस धरावी लागते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तुमच्या सुनेने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, त्यामुळे जेवणाचाही खर्च झाला नाही.

हे संग्रहालय वॉल्टर रॉथशिल्ड नावाच्या एका धनाढ्य सावकार घराण्यातील मुलाचे. त्याला पेढीत रस नव्हता. लहानपणापासून फुलपाखरे, किडे आणि पक्षी जमवणे हाच त्याचा उद्योग, म्हणून वडिलांनी त्याच्या 21व्या वाढदिवसाची भेट म्हणून 1889 मध्ये ही इमारत बांधून दिली आणि 1892 मध्ये ती लोकांसाठी उघडली गेली. या गृहस्थाने गाडीला झेब्रे जुंपून ती थेट बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत हाकली होती. हे ऐकल्यापासून धाकटा मला विचारतो आहे की आपल्या खिल्लारी जोडीला लंडनमध्ये परवानगी मिळेल का.

आत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी चौकटीची काचेची कपाटे आहेत आणि त्यांत अस्वले, वाघ, गेंडे, माकडे, पक्षी अगदी दाटीवाटीने मांडलेले आहेत. जागा पुरेना म्हणून झेब्रे फळ्यांवर चक्क आडवे बसवलेले आहेत. आजकालच्या संग्रहालयांत असते तशी बटणे, पडदे, आवाज यांची रेलचेल येथे नाही, आणि मला तेच आवडले, कारण मुले एकेका प्राण्यासमोर उभी राहून खरोखर पाहत होती. थोरली क्वागापाशी बराच वेळ थांबली. हा झेब्र्याचा एक प्रकार, पट्टे फक्त पुढच्या अंगावर, आणि 1883 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्राणिबागेतील शेवटचा क्वागा मेल्यावर तो पृथ्वीवरून गेला. धाकट्याला मात्र सर्वांत आवडल्या त्या मेक्सिकोहून आणलेल्या, कपडे घातलेल्या पिसवा. त्या भिंगातून पाहाव्या लागतात. आईला हे सांगितले तर ती विश्वास ठेवणार नाही.

पण खरी गोष्ट या दालनांच्या मागे आहे. त्याच आवारात नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षिविभाग आहे. लंडनमधून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो येथे हलवला गेला. सुमारे 7,50,000 पक्ष्यांची, पेंढा किंवा कापूस भरून जपलेली कातडी तेथे खणांमध्ये ठेवलेली आहेत. तो भाग अभ्यासकांनाच खुला असल्यामुळे आम्हाला आत जाता आले नाही. बाहेरच्या बाकावर दशम्या खाताना मी मुलांना सांगितले की त्या भिंतीपलीकडे आपल्या खानदेशचे पक्षी आहेत, आणि मग रानपिंगळ्याची सारी हकीगत सांगितली.

अप्पा, साधा पिंगळा तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे गोठ्याच्या आढ्यावर चिरचिरते ते ठिपक्यांचे छोटे घुबड. रानपिंगळा त्याच्याच आकाराचा, पण त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद तपकिरी असते, चोच आणि नखे दणकट असतात, आणि मुख्य म्हणजे तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून शेपूट झटकत सरडे-उंदीर टिपतो. त्याचे शास्त्रीय वर्णन 1873 मध्ये ॲलन ह्यूम यांनी केले. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच. त्यांची पक्ष्यांवरची वर्षानुवर्षांची टिपणे सिमल्यात नोकराने रद्दीत विकली. त्यानंतर 1885 मध्ये त्यांनी आपला प्रचंड पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला (नॅचरल हिस्टरी म्युझियम तेव्हा त्याचाच भाग होते) देऊन टाकला आणि त्याच वर्षी काँग्रेस उभी राहिली. फैजपूरच्या अधिवेशनाच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या मला या माणसाची ही दुसरी बाजू इतकी वर्षे माहीत नव्हती.

आपल्याकडच्या रानपिंगळ्याची कातडी जमवली ती जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने, 1880 ते 1884 च्या सुमारास, शहादा-तळोद्याच्या बाजूस. त्यानंतर हा पक्षी कोणालाच दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने होते. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनीही त्याला शोधले, पण व्यर्थ. शोध चुकण्याचे एक कारण असे, की कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या नामांकित पक्षिसंग्राहकाने आपल्याला रानपिंगळा 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे गुजरातेत, मिळाल्याची नोंद करून ठेवली होती, आणि ती खरी मानली गेली.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, क्ष-किरण छायाचित्रेही काढली. तेव्हा दिसले की तो पक्षी मूळचा डेव्हिडसनचाच आहे. कर्नलने तो संग्रहालयातूनच उचलला होता, त्यातला भराव बदलून त्याला नवे रूप दिले होते आणि वर खोटी चिठ्ठी बांधली होती. चोरी एका खणातून झाली आणि तिच्यामुळे एका जिवंत पक्ष्याचा पत्ताच बदलला! ही खोटी नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणी आले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, रानपिंगळा त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला दिसला. 113 वर्षांनंतर. मी तेव्हा शहाद्यातच शाळेत जात होतो आणि आम्हाला कोणी हे सांगितले नाही.

थोरलीने मला विचारले की आपले पक्षी मारून त्यांनी इकडे का आणले. तिचा राग मला योग्य वाटतो. पण त्या खणांत डेव्हिडसनचे बाकीचे नमुने व्यवस्थित राखलेले नसते, तर लबाडी कशाशी ताडून पाहिली असती, हेही मी तिला सांगितले. तिला ते पटले असे दिसले नाही, आणि मीही फार ताणून धरले नाही.

पुढे हा पक्षी मेळघाटात आणि ठाण्याकडच्या तानसाच्या जंगलातही आढळला, त्यामुळे आता तो फक्त आपल्याकडचाच राहिलेला नाही. तरीही तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे आणि घरटे करायला त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात. म्हणून दादांना माझा निरोप द्यावा, की डोंगराकडच्या शेताच्या बांधावरील ती जुनी पोकळ झाडे सरपणासाठी तोडायची चर्चा चालली आहे, ती या वर्षी थांबवावी, सरपणाचे पैसे मी पाठवतो. वन खात्याच्या माणसांशी त्यांची ओळख आहे, त्यांनाही एकदा येऊन पाहायला सांगावे.

हिवाळ्यात आम्ही येऊ, तेव्हा मुलांना तोरणमाळच्या वाटेने न्यायचे आहे. थोरलीने दुर्बीण आताच मागितली आहे. आईने गुडघ्याचे औषध नियमित घ्यावे आणि काकूंना आमचा नमस्कार सांगावा. दादा-वहिनींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा