तयार डेस्कटॉप तापतो, कारण हवेला वाट नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तयार जोडून मिळणाऱ्या डेस्कटॉप संगणकांच्या जाहिरातींत प्रोसेसरचे नाव ठळक असते, रॅम आणि स्टोरेजचे आकडे असतात, पंख्यांतल्या रंगीत दिव्यांचेही कौतुक असते. मात्र हवा कॅबिनेटमध्ये शिरते कोठून आणि बाहेर पडते कोठून, याविषयी अवाक्षर नसते. संगणक दुरुस्तीचे काम करताना ‘मशीन गरम होते, गेम अडखळतो, पंखे किंचाळतात’ अशी तक्रार घेऊन येणारी जी यंत्रे मी उघडतो, त्यांतल्या बहुतेकांत दोष प्रोसेसरचा नसतो, कॅबिनेटचा असतो. तरीही ग्राहकाला पहिला सल्ला मिळतो तो महागडा लिक्विड कूलर बसवण्याचा किंवा थेट नवे यंत्र घेण्याचा. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा का ठरतो, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याबद्दल. इंटेलच्या कोअर आय7-12700 या प्रोसेसरची मूळ शक्ती 65 वॉट अशी दिलेली असते, पण टर्बो (गरज पडताच वेग तात्पुरता वाढवण्याची सोय) चालू असताना त्याला 180 वॉटपर्यंत जाण्याची मुभा कंपनीनेच दिलेली आहे. त्याच पिढीतल्या आय5-12400 साठी हे आकडे 65 आणि 117 आहेत. यंत्र जोडणारा कारखाना 65 हा आकडा धरून छोटासा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणारा पात्यांचा ठोकळा) आणि त्यावर एक बारका पंखा बसवतो. ग्राहक मात्र पैसे मोजतो टर्बोच्या वेगासाठी. मग काम सुरू होताच तापमान 100 अंश सेल्सिअसला टेकते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्याने प्रोसेसर जळत नाही, हे खरे. पण ज्या वेगाचे पैसे घेतले गेले तो वेग मिळत नाही, हेही तितकेच खरे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 90 अंशांचा आकडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतले अनेक प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत जावेत अशाच बेताने बनवलेले आहेत. पाहायचे असते ते त्या तापमानाला वेग आणि वॉट टिकतात की कोसळतात, हे.

आता हवेचा हिशेब. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला साधारण 1200 ज्यूल उष्णता लागते. म्हणजे कॅबिनेटमधून मिनिटाला एक घनमीटर हवा जात असेल आणि आतले भाग मिळून 300 वॉट उष्णता सोडत असतील, तर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा सुमारे 15 अंशांनी गरम असते. हवेचे प्रमाण निम्मे झाले की हाच फरक 30 अंशांवर जातो. खोलीत 32 अंश असतील तर अशा कॅबिनेटच्या आत 60 अंशांची हवा खेळू लागते आणि हीटसिंकवरचा पंखा तीच हवा पुनःपुन्हा ओढत राहतो. कूलर कितीही भारी घेतला, तरी तो प्रोसेसरला स्वतःभोवतीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. लिक्विड कूलरचेही तेच. पाणी उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या पात्यांच्या चौकटीपर्यंत, नेऊन पोचवते, तेथून पुढे ती वाहून न्यायला हवाच लागते. आणि तो रेडिएटर बंद काचेच्या मागे बसवला असेल, तर पैसे पाण्यात गेले असे खुशाल समजावे.

ही काच हाच माझ्या तक्रारीचा गाभा आहे. दर्शनी बाजूला अखंड काच, तिच्यामागे तीन चकाकणारे पंखे, आणि हवेसाठी काच व पत्रा यांच्यामधली जेमतेम बोटभर फट! टिश्यू पेपरची अरुंद पट्टी अशा फटीजवळ धरून पाहावी. पंखे पूर्ण वेगाने फिरत असतानाही ती जेमतेम हलते. तीच काच उतरवून पट्टी पंख्यासमोर धरली, की ती जाळीला घट्ट चिकटते. पंखे तेच, वेग तोच. बदलली ती फक्त वाट. स्वस्त यंत्रांत काच नसते, पण तेथे पुढे एकही पंखा नसतो. मागे 92 मिलिमीटरचा एकच पंखा साऱ्या कॅबिनेटची गरम हवा बाहेर फेकण्याचा प्रयत्न करत असतो. त्यात दोन-तीन पंख्यांचे ग्राफिक्स कार्ड असले की ते आपली सगळी उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडते आणि ती थेट वर प्रोसेसरकडे जाते.

ही अडचण उद्योगाला ठाऊक नव्हती असेही नाही. 2004 च्या सुमारास इंटेलने मदरबोर्ड आणि कॅबिनेटची बीटीएक्स नावाची मांडणी आणली होती. तिच्यात प्रोसेसर पुढच्या बाजूने येणाऱ्या ताज्या हवेच्या झोतातच येई. ती रुजली नाही, दोन-तीन वर्षांत मागे पडली आणि 1995 पासूनची एटीएक्स मांडणीच चालू राहिली. एटीएक्समध्येही हवेची सोय उत्तम करता येते, फक्त जाळी द्यावी लागते. आणि जाळी काचेइतकी छायाचित्रात खुलत नाही.

ग्राहकाने खर्च करण्याआधी एक साधी चाचणी करावी. तापमान आणि वॉट दाखवणारे फुकट सॉफ्टवेअर सुरू करून यंत्राला अर्धा तास जड काम द्यावे, आकडे स्थिरावले की टिपून घ्यावेत. मग यंत्र बंद करून बाजूचे पॅनेल काढावे आणि त्याच खोलीत तेच काम पुन्हा द्यावे. तापमान आठ-दहा अंशांनी किंवा अधिक उतरले, अथवा तापमान तेवढेच राहून वॉट वाढले, तर दोष हवेच्या वाटेचा. फारसा फरक पडला नाही, तर दोष हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्या जोडणीत किंवा कूलरमध्येच. तापमान चढते कसे, यावरूनही बरेच कळते. काम सुरू होताच दोन सेकंदांत आकडा चाळिसावरून पंचाण्णववर उडी घेत असेल, तर हीटसिंक नीट टेकलेला नसण्याची, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णतावाहक थर्मल पेस्ट सुकल्याची किंवा कूलर मुळातच अपुरा असण्याची शक्यता जास्त. दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चढत गेला, तर आतली हवा कोंडते आहे. पॅनेल कायमचे काढून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. धूळ वाढते, आणि नेमून दिलेल्या वाटेने हवा न गेल्यामुळे मदरबोर्डवरचे काही भाग उलट अधिक तापू शकतात.

उपायांत पहिला मान सफाईचा. पंखा काढून हीटसिंक पाहिला, तर पात्यांच्या तोंडाशी धुळीची जाड नमद्यासारखी गादी बसलेली दिसते. चिमट्याने धरली की ती कित्येकदा अखंड निघते, आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या पंख्यातून हवा का येत नव्हती, हे तेव्हा समजते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते भन्नाट फिरू दिले तर बेअरिंग बिघडते. वीजजोडणी आधी काढावीच, आणि एसएमपीएसचे (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाचे) खोके कोणी घरी उघडू नये. बंद केल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहतो.

थर्मल पेस्टबद्दल लोकांत दोन टोके आढळतात: कोणी ती कधीच बदलत नाही, तर कोणी लोणी फासल्यासारखी फासतो. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 वॉट प्रति मीटर-केल्विन, बऱ्यापैकी पेस्टची 5 ते 10 आणि हवेची अवघी 0.026 असते. पेस्टचे काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटींतली हवा हुसकून लावण्याचे. तिचा थर जाड झाला की तीच अडथळा होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरे. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळावेत. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म न काढताच तो बसवलेली कारखान्यातली यंत्रेही माझ्या हाती आली आहेत!

पंख्यांचे गणित सरळ आहे: पुढून किंवा खालून ताजी हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. नेहमीच्या पंख्यात ज्या बाजूला आडव्या पट्ट्यांचा आधार दिसतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. एखादा पंखा उलटा बसलेला असणे हे वाटते तितके दुर्मीळ नाही. 92 मिलिमीटरच्या तुलनेत 120 मिलिमीटरचा पंखा कमी वेगात तेवढीच हवा देतो, म्हणून आवाजही कमी. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग कोणत्या तापमानाला किती वाढावा, हे ठरवता येत असेल तर ते जरूर पाहावे. शक्तीची मर्यादा थोडी खाली आणणे हाही चांगला मार्ग आहे, कारण शेवटच्या काही टक्के वेगासाठी प्रोसेसर बेसुमार वॉट खात असतो. बायोस कुलूपबंद असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी 99 टक्के केली की बहुतेक यंत्रांत टर्बो बंद होतो. हा तात्पुरता इलाज झाला. तापमान उतरते खरे, पण वेगही जातो.

एवढे सगळे करायला ग्राहक तयार झाला, तरी अनेक तयार यंत्रे त्याची वाट अडवतात. चार पिनांचे सर्वमान्य पंखा-कनेक्टर सोडून स्वतःच्याच घाटाचे कनेक्टर. जास्तीच्या पंख्यासाठी मदरबोर्डवर जागाच नाही. मूळ पंखा बदलला की सुरू होतानाच ‘पंखा सापडत नाही’ असा संदेश देऊन अडून बसणारे बायोस. आणि कूलरच्या स्क्रूंची भोके अशा अंतरावर, की बाजारातला दुसरा कूलर बसूच नये. वॉरंटी जाईल ही भीती निराळीच. ग्राहकाने सुट्या भागांची कटकट नको म्हणून तयार यंत्र घेतले, याचा अर्थ त्याने पंखा बदलण्याचा हक्क सोडून दिला असा होत नाही. उत्पादकांनी पंख्यांसाठी प्रमाणित कनेक्टरच वापरावेत, निदान एक जागा मोकळी ठेवावी आणि पुढच्या बाजूला काढून धुता येईल अशी जाळी द्यावी. यातले काहीही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. नव्या संगणकांचा परिचय छापताना पाच मिनिटांच्या चाचणीतले गुण देऊन थांबू नये. सलग अर्धा तास पूर्ण भार दिल्यानंतर प्रोसेसरचे तापमान किती, त्या क्षणी तो किती वॉटवर चालतो आहे आणि खोलीचे तापमान किती होते, हे तीन आकडे प्रत्येक परिचयासोबत द्यावेत. पुढची बाजू जाळीची आहे की बंद, आणि पंख्याचा कनेक्टर प्रमाणित आहे की नाही, या दोन गोष्टींसाठी आणखी एक ओळ पुरेल.

आपला,
एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ